पेवावरचा हात

अविधवा नवमीचा स्वयंपाक होत आला तरी रावजी मागच्या दारातून आत यायला तयार नव्हता.

वच्छला चुलीपुढं बसून वडे तळत होती आणि दर घाण्याला एकदा मान वर करून दिराकडं बघत होती. तो काल संध्याकाळी सोलापूरहून आला होता. अक्कलकोटहून आलेल्या महादेवी मावशीला बरोबर घेऊन आला होता. रावजी गिरणीत हजेरी मांडायचा. एरवी गावी आला की आधी पाय पसरायचा, मग थोरल्या भावाची, भीमाची, चेष्टा करायचा, मग खायला मागायचा. या खेपेला त्यानं यातलं काहीच केलं नव्हतं. परसातल्या दगडावर उभा राहून तो सीनेकडं बघत होता.

"भावजी, नदीला बघायला आलाय का? पसंत पडली का न्हाय?" वच्छला म्हणाली.

रावजी हसला नाही. "वैनी, पाणी कालच्यापेक्षा तांबडं दिसतंय का तुमाला?"

वच्छलानं झारा कढईवर टेकवला आणि दारात आली. ऊन चांगलं पडलं होतं. उतारावर पांढऱ्या मातीची घरं, त्यांच्या खाली गावाची पेवं, म्हणजे जमिनीत खणलेली धान्याची कोठारं, त्याखाली बाभळी आणि मग नदी. पाणी तांबडं होतं. काठाकाठानं फेस चालला होता. मधून एक अख्खी बाभळ वाहत आली, मुळासकट. तिच्या फांद्यांना सुगरणीचे खोपे तसेच लटकलेले होते.

"वर कुटंतरी पडला आसंल पाऊस," ती म्हणाली.

"करमाळ्याकडं."

"तुमाला काय ठाऊक?"

रावजीनं घरात कुणी ऐकतंय का ते पाहिलं. "काल भुसार बाजारात करमाळ्याचे गाडीवाले बैलं सोडून बसले व्हते. माल विकून झालाय, पर माघारी जायला वाट न्हाय. सीना तिकडं दोन्ही काठ सोडून रानातनं चाललीय म्हनत व्हते. त्ये पाणी हितं आज यायला पायजे."

"आन् तुमी कालपास्नं गप?"

"कुणाला सांगू? आबांना? दोन सालामागं मीच सांगितलं व्हतं."

 घाणा करपल्याचा वास आला तशी वच्छला आत धावली.

दोन सालांमागची गोष्ट घरात कुणी काढत नसे. मार्शल लॉचं साल. सोलापुरात तेव्हा रोज एक बातमी उठायची आणि दुसऱ्या दिवशी खोटी ठरायची. त्यातलीच एक रावजीनं पळत गावाला आणली होती, की सीनेला मोठं पाणी येतंय. आई होती तेव्हा. सोजरबाईनं एका शब्दानं विचारलं नाही, खरं का खोटं. पेव उघडलं, जोंधळा वर काढला, भांडीकुंडी, गोधड्या, शेरडं, सगळं गाडीत भरून माळावरच्या बिरोबाच्या देवळात नेलं. नदी आली नाही. भुरभुर पाऊस मात्र आला आणि जोंधळा ओला झाला. परतताना गाडी चावडीपुढून गेली. शेजारचा सिद्धप्पा तिथं बसला होता. त्यानं मोठ्यानं विचारलं, "पुराचं वऱ्हाड परतलं का?" त्या दिवसापासून गावात त्यांच्या घराला तेच नाव पडलं. भीमानं दिवाळीपर्यंत जोंधळ्यातले किडे पाखडले.

आई रावजीला काही बोलली नव्हती. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला अजून वाटायचं.

मागच्या श्रावणात ती गेली. या श्रावणात वर्षश्राद्ध झालं, आणि आज तिची पहिली अविधवा नवमी होती.

*

सोप्यात बजाबाई पत्रावळी निवडत बसली होती. ती रावजीच्या बापाची, रामहरीची, धाकटी बहीण. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला आणि ती भावाच्या घरी आली ती कायमची. मागच्या भिंतीला लागून तिची जागा होती. एक कोनाडा, एक घोंगडं, एक पत्र्याची ट्रंक. सोजरबाईचं आणि तिचं कधी पटलं नाही. पण दोघींनी इतकी वर्षं एका चुलीवर काढली होती, की आता भांडायला कुणी नाही याचंही तिला ओझं झालं होतं.

रामहरी बाहेरून आला. पायाला पांढरी माती लागलेली होती. तो कुठून आला हे कुणी विचारलं नाही. रोज सकाळी तो उताराला आपल्या पेवापाशी जाऊन बसायचा. पेवाच्या तोंडावर धोंडा, धोंड्यावर माती आणि शेणाचा जाड गिलावा, आणि गिलावा ओला असताना उमटवलेला एक हात. सोजरबाई दर वेळी पेव मिटवलं की असा हात उमटवायची. मागं जोंधळा वाळवून पुन्हा भरला, तेव्हाचा तो शेवटचा. रामहरीनं त्यावर पावसाळ्यात पाचटाचं छप्पर घातलं होतं. गावात लोक बायकोच्या नावानं दगड बसवतात. याच्याकडं हात होता.

"आबा," रावजीनं सुरुवात केली. मग त्यानं सगळं सांगितलं. गाडीवाले, करमाळा, रानातून चाललेलं पाणी. सांगताना तो बापाकडं न बघता खांबाकडं बघत होता.

बैल धुवून आलेला भीमा उंबऱ्यातच थांबला. "बाजारात दोन गोष्टी फुकट मिळत्यात," तो म्हणाला. "भाव पडल्याची बातमी आन् पूर आल्याची. सोप्यात ऊन आलंय, रावजी. ऊन."

"पाऊस हितं कशाला पडाया पायजे? नदी हितली हाय का?"

"मागल्या खेपेला हेच बोलला व्हतास. आसंच, खांबाकडं बघून."

"भीमा," रामहरी म्हणाला. एवढंच. 

"मी तर न्हाय हलणार बाई," बजाबाई पत्रावळीतून मान वर न करता म्हणाली. "मागल्या बारीला माळावर माझी ट्रंक उघड्यावर टाकली. झाकण निसटलं. साऱ्या गावानं बघितलं, बजीकडं लुगडी किती आन् कसली ती."

"आत्या, लुगड्यांचं काय घेऊन बसलीस!" रावजी म्हणाला.

"तुला न्हाय कळायचं. तुला सोलापुरात खोली हाय." तिनं एक फाटकी पत्रावळ बाजूला टाकली. तिच्या मनात होतं ते इतकंच, की ज्याचं घर आहे तो घर सोडून जाऊ शकतो, कारण तो परत येतो. आपण कोनाडा सोडून उठलो आणि परत आल्यावर तिथं कुणी धान्याची पोती लावली, तर काय म्हणणार?

वच्छला दाराआडून म्हणाली, "मामंजी, पेव तेवढं उघडून घ्यावं. दोन सालांची बेगमी हाय त्यात. पाणी शिरलं तर सगळं आंबंल."

"पाणी आलंच तर माळवदावर चढू की," भीमा म्हणाला. "धाब्याचं घर हाय. खोपट न्हाय."

"माळवद?"

हे महादेवी बोलली. ती न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून माजघरातून आली होती. आज सवाष्ण म्हणून तीच जेवणार होती. तिचा चेहरा बहिणीसारखा नव्हता, पण आवाज होता. म्हणून ती आल्यापासून रामहरी तिच्याशी बोलताना जमिनीकडं बघत होता.

"भीमा, तुझी आई आन् मी, आमी भीमा नदीच्या काठच्या. तुझं नाव काय उगं ठेवलं न्हाय तिनं," ती म्हणाली. "आमच्या गावात पाणी आलं तवा लोक ओरडत व्हते, नीर बंतु, नीर बंतु. पाणी आलं. आमच्या चुलत्याचं घर धाब्याचं. सारी वर चढली. म्हनली, पाणी छातीएवढं येईल आन् जाईल. पाणी आलं तेवढंच. पर भिंत पांढऱ्या मातीची. खालनं भिजली. सकाळी घर खाली बसलं. पडलं न्हाय, बसलं. म्हस बसती तसं. वरची माणसं वरच व्हती, तीबी त्याच्यासंगं गेली." तिनं रामहरीकडं पाहिलं. "अक्का तवापास्नं माळवदावर कधी झोपली न्हाय. उन्हाळ्यातबी न्हाय. तुमाला ठाऊक आसंल, दाजी."

रामहरीला ठाऊक होतं. सारा गाव उन्हाळ्यात माळवदावर झोपायचा आणि ती अंगणात बाज टाकायची. वर गरम होतं, असं सांगायची. त्यानं तेच खरं मानलं होतं.

"आज तिचा दीस हाय," तो म्हणाला. "भांडायचा दीस न्हाय. माणसांनी, जनावरांनी संध्याकाळी माळावर जायचं तर जावा. पर पेव उघडायचं न्हाय."

"आबा, माणसं वाचून खायाचं काय?" रावजी म्हणाला.

"तिनं मिटवलंय ते," रामहरी म्हणाला. आणि तो पानं मांडायला उठला.

भीमाला खरं तर बापानं नाही म्हटलं याचं बरं वाटायला हवं होतं. पुन्हा गाडी भरून चावडीपुढून जायचं नव्हतं त्याला. पण बापाच्या तोंडून ते वाक्य निघालं तेव्हा त्याला एकदम जाणवलं, की आपण नाही म्हणतो ते लोकांच्या हसण्याला भिऊन, आणि आबा नाही म्हणतात ते दुसऱ्याच कशाला तरी. आणि नदीचा विचार दोघंही करत नाहीत. तो बैलांना वैरण टाकायला गेला आणि जाता जाता, कुणाला दिसणार नाही असा, परसाच्या कडेला थांबून खाली बघून आला. बाभळीच्या बुंध्यांना पाणी लागलं होतं. सकाळी लागलेलं नव्हतं.

*

पाटाभोवती रांगोळी घातली होती. वच्छलानं महादेवीला हळदकुंकू लावलं, हातात बांगड्या भरल्या, ओटी भरली. पान वाढलं. भात, वरण, खीर, वडे, अळूची भाजी, आमटी. सोजरबाईला आवडायची म्हणून कांद्याच्या पातीची कोशिंबीर. रामहरीनं पानाभोवती पाणी फिरवलं आणि हात जोडले.

"जेव, महादेवी," तो म्हणाला.

महादेवीनं पानाला हात लावला नाही.

"मावशे, वाढायचं काय राह्यलं का?" वच्छलानं विचारलं.

"समदं हाय."

"मग?"

"दाजी," महादेवी म्हणाली, "हे पान कुणाचं?"

"तिचंच की."

"म्हंजी आत्ता मी अक्का. अक्का ह्या पाटावर बसली आसती, आन् नदीचं पाणी तांबडं झालंय, वरनं सांगावा आलाय, आसं तिला कळलं आसतं, तर ती जेवली आसती का?"

आमटीची वाफ वर जात होती.

"मला ब्याड. नगं मला," महादेवी म्हणाली. "पेव उघडल्याबिगर मी घास घ्यायची न्हाय."

"आगं बया!" बजाबाई म्हणाली. "सवाष्ण पानावरनं उपाशी उठली तर ती गेलेली उपाशी राहील की!"

"उठत कुटं हाय मी? बसलेय. बसूनच राहीन."

"हट्टाला अगदी बहिणीवर गेलीया," बजाबाई पुटपुटली. पण ते बोलताना तिला आतून विचित्र हलकं वाटलं. किती दिवसांनी या घरात कुणी त्या आवाजात अडून बसलं होतं.

रामहरी बराच वेळ उभा होता. त्याला राग आला नव्हता. तो बायकोच्या पानाकडं बघत होता. कोशिंबिरीवर माशी बसली ती त्यानं हातानं हाकलली. मग तो कोपऱ्यात गेला, कुदळ घेतली आणि दाराबाहेर पडला.

"मी बघून येतो," तो म्हणाला. "उघडतो आसं म्हटलं न्हाय."

*

सगळे त्याच्या मागून उताराला आले. महादेवी तेवढी पाटावर राहिली.

नदीचा आवाज इथं मोठा होता. सिद्धप्पा आपल्या पेवापाशी गाय बांधत होता. त्यानं कुदळ पाहिली.

"का रं, रामहरी? ऊन पडलंय की! वऱ्हाड निघालं का काय?"

 रामहरीनं पाचटाचं छप्पर काढून बाजूला ठेवलं. गिलावा वाळून कडक झाला होता. मधोमध हात. पाची बोटं नीट उमटलेली. तो कुदळ धरून उभा राहिला. कुदळ वर गेली नाही. त्यानं ती खाली टेकवली, पुन्हा उचलली, पुन्हा टेकवली.

"मी फोडू का, आबा?" भीमा म्हणाला.

"थांब."

वच्छला बघत होती. ही वेळ येऊ नये म्हणून तिनं फार दिवस तोंड बंद ठेवलं होतं. ती एक पाऊल पुढं झाली, तसा मागून बजाबाईनं तिचा पदर धरला. बजाबाईला सगळं ठाऊक होतं. त्या दिवशी तीही इथंच पाट्या धूत बसली होती. "नगं बोलूस," ती वच्छलाच्या कानाशी म्हणाली. "म्हातारं तेवढ्यावर जगतंय."

वच्छलानं नदीकडं पाहिलं, मग पाटावर बसून राहिलेल्या मावशीचा विचार केला. तिनं पदर हळूच सोडवून घेतला, गुडघ्यावर बसली, आणि गिलाव्यावरच्या त्या हातावर आपला हात ठेवला.

तो बरोबर बसला. बोटाला बोट, कडेला कड.

"मामंजी," ती म्हणाली, "ह्यो हात माझा हाय."

भीमा बायकोकडं बघत राहिला.

"सासूबाईंना तवा दम लागत व्हता. हितं, ह्या दगडावर बसल्या व्हत्या. कडुलिंबाचा पाला त्यांनी घातला, धोंडा आमी दोघींनी सरकवला. गिलावा झाल्यावर मी म्हटलं, हात उमटवा. त्या म्हनल्या, आता तू उमटव. हितनं पुढं पेवाचं तू बघायचं. कवा मिटायचं, कवा उघडायचं, तू ठरवायचं. मी सांगणार व्हते तुमाला. पर त्या गेल्या, आन् तुमी हितं येऊन बसाया लागला. मग कसं सांगायचं?"

रामहरी खाली बसला. वच्छलानं हात काढून घेतला. त्यानं आपलं बोट त्या ठशाच्या करंगळीवरून फिरवलं.

"तिची करंगळी वाकडी व्हती," तो म्हणाला. "कापणीत विळा लागला व्हता. ही सरळ हाय."

"व्हय, मामंजी."

"ते बघितलं व्हतं मी. पयल्याच दिवशी." त्यानं बोट ठशावरून उचललं. "मला वाटलं, ओल्या मातीत सरळ झाली आसंल."

बजाबाईनं तोंडाला पदर लावला.

पाण्याचा आवाज चालूच होता. रामहरी उठला. त्यानं वच्छलाच्या हातात कुदळ दिली.

"मग मला काय इचारतीस?" तो म्हणाला. "तुझ्याकडं दिलंय तर तूच फोड."

वच्छलानं कुदळ घेतली. पहिला घाव कडेला पडला, दुसरा मधोमध. गिलाव्याचे तुकडे झाले. भीमा आणि रावजीनं धोंडा सरकवला. आतून कडुलिंबाचा आणि कोंडलेल्या जोंधळ्याचा गरम वास वर आला. पाल्याची पेंडी वरच होती, जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधलेली. ती गाठ कुणाची हे कुणाला सांगावं लागलं नाही. रामहरीनं पेंडी उचलली, पाला झटकला आणि पट्टी कमरेला खोचली.

भीमानं दोराला बांधून दिवा आत सोडला. थोडा खाली गेला आणि विझला. आतली हवा अजून वाईट होती. तोंड उघडं ठेवून थांबणं भाग होतं.

"पेव दम घेतंय तोवर," रामहरी म्हणाला, "मावशीला जेवू घाला."

*

महादेवी जेवली. मागून घेऊन जेवली. दोनदा खीर घेतली. रामहरी समोर बसून बघत होता, आणि आज पहिल्यांदा तो मान वर करून बघत होता.

"दाजी, तुमीबी बसा."

"बसतो. आधी गाडी जोडतो."

"बसा. उपाशी माणूस पाटी उचलत न्हाय. आसं अक्का म्हनायची का न्हाय?"

"म्हनायची," तो म्हणाला आणि बसला.

बाहेर मात्र वेगळंच काही चाललं होतं. सिद्धप्पा अजून उताराला उभा होता. रामहरीच्या उघड्या पेवाकडं आणि फुटलेल्या गिलाव्याच्या तुकड्यांकडं बघत होता. रावजी दिवा घेऊन परत आला तेव्हा त्यानं विचारलं, "कुणी फोडला?"

"वैनीनं. आबांनी कुदळ दिली."

"त्येनं? सोताच्या हातानं?"

"व्हय."

रावजीनं त्याला करमाळ्याच्या गाडीवाल्यांचं सांगायला तोंड उघडलं, पण सिद्धप्पा ऐकायला थांबलाच नाही. त्यानं गाईचं दावं सोडलं आणि घराकडं भरभर चालत गेला. थोड्या वेळानं तो दोन मुलांना आणि पहारीला घेऊन आला. त्याला पाहून पलीकडच्या पेवाचा बिरप्पा आला. मग वरच्या आळीची माणसं. बायका दारात येऊन विचारत होत्या, "खरंच का?" आणि उत्तर एकच मिळत होतं, "रामहरीनं पेव फोडलं म्हनं." त्यापुढं कुणी काही विचारत नव्हतं. ते पेव तो फोडणार नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

रावजी दिवा हातात घेऊन उभा राहिला. आपण कालपासून छातीत घेऊन फिरलो ती बातमी कुणाला नकोच होती, हे बघून त्याला आधी वाईट वाटलं. मग हसू आलं.

दिवा आता तळापर्यंत जळत गेला. भीमा आत उतरला. पाटी भरून वर यायची, रावजी ओढायचा, बायका पोत्यात ओतायच्या. जोंधळा कोरडा होता, दाणा न् दाणा सुटा. भीमानं आतून ओरडून सांगितलं, "किडा न्हाय, आबा! एकबी न्हाय!" आणि सिद्धप्पा शेजारच्या पेवातून ओरडला, "मागल्या खेपेला समदं तूच निवडलं व्हतंस, आता कुटनं राह्यलं!" दोन्ही पेवांतून हसण्याचा आवाज आला. घागरीत बोलल्यासारखा घुमून आला.

बजाबाई आपली ट्रंक स्वतः घेऊन आली. डोक्यावर घोंगडं, काखेत ट्रंक. गाडीपाशी ती थांबली.

"दादा, ही वर ठेवायची न्हाय. मधी ठेवायची. वरनं पोती."

"बजा, दे इकडं," रामहरी म्हणाला. त्यानं कमरेची लुगड्याची पट्टी काढली आणि ट्रंकेच्या कडीला आवळून बांधली. झाकण आता निसटणार नव्हतं. बजाबाई त्या पट्टीकडं बघत राहिली. ते लुगडं तिला ओळखीचं होतं. एका दिवाळीला दोघींना एकसारखी घेतली होती आणि त्यावरून दोघी आठ दिवस बोलल्या नव्हत्या.

"तिची नगं बांधू," ती म्हणाली. "तुला राहू दे."

"काम व्हतं तिथंच बरी हाय," रामहरी म्हणाला.

*

ऊन उतरायच्या आत गाव माळावर आला होता. बिरोबाच्या दगडी ओवरीत धान्य, बाहेर जनावरं, तीन दगडांच्या चुली. कुणाची दोन भांडी राहिली, कुणाची कोंबडी. काही पेवं उघडायची राहिली, कारण माणसं उशिरा हलली.

पाणी आरडाओरडा न करता आलं. बाभळी बुडाल्या, मग पेवांची जागा. पेवांत पाणी शिरताना रांजण भरल्यासारखा आवाज वरपर्यंत येत होता, एकामागून एक. ज्यांची उघडायची राहिली होती ते ऐकत उभे होते.  सिद्धप्पाच्या बायकोनं त्यांच्या चुलीशेजारी आपलं पीठ नेऊन ठेवलं.

मग पाणी घरांना लागलं. रामहरीच्या घराची मागची भिंत हळूहळू काळी पडली आणि खाली बसली. महादेवी म्हणाली होती तशीच, म्हशीसारखी. माळवदाचा मागचा कोपरा तिच्याबरोबर गेला.

"माझा कोनाडा," बजाबाई म्हणाली.

भीमा तिच्या शेजारी उभा होता. माळवदावर चढू, असं तोच म्हणाला होता. "आत्ये," तो म्हणाला, "आता बांधताना तुझ्यासाठी खोलीच काढू. दार लावून."

"आतनं कडी पायजे."

"आतनं कडी."

ओवरीत वच्छला कामाला लागली होती. पोती पुरली नव्हती म्हणून उरलेला जोंधळा तिनं बिरप्पाकडून मागून आणलेल्या तुराट्यांच्या कणगीत भरला होता. कणगीच्या तोंडावर आता ती शेणमाती लिंपत होती. रामहरी जवळ येऊन बसला. तिनं शेवटचा हात फिरवला आणि उठायला लागली.

"उमटव," तो म्हणाला.

"हितं? मामंजी, ही बिरप्पाची कणगी हाय. दोन दिसांनी रिकामी करून द्यायचीय."

"आसू दे. उमटव. आन् ह्या खेपेला आत्ताच सांग मला, हात कुणाचा हाय त्यो."

वच्छलानं ओल्या मातीवर हात ठेवून दाबला आणि काढला.

"माझा हाय, मामंजी."

"बरं," रामहरी म्हणाला. मग त्यानं विचारलं, "सुनबाई, त्या वड्यांतलं काय उरलंय का?"